मोहाखालच्या हाकेला स्वतंत्र नोंद

लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "तपासनीस म्हणजे पोलिसात का?" मी नाही म्हटलं तेव्हा ते जरा हिरमुसले. 'नोंद-तपासनीस' हे माझं पद त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमचं कार्यालय नागपुरात महाल भागातल्या एका घराच्या माडीवर होतं आणि तिथे लोकसंगीताचा कोश तयार होत होता. कोश म्हणजे जाडजूड पुस्तक हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कुठल्या विषयाला त्यात जागा द्यायची आणि कुठल्याला दारातूनच परत पाठवायचं, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. पन्नासच्या दशकातली बरीच वर्षं दारातला तो माणूस मी होतो.

काम असं होतं. कुणीही पत्र लिहायचा की आमच्या भागात अमुक तऱ्हेचं गाणं गातात, त्याला कोशात स्वतंत्र नोंद द्या. स्वतंत्र नोंद म्हणजे वेगळी चूल. ती मिळाली नाही तर ते गाणं एखाद्या थोरल्या प्रकाराच्या पोटात दोन ओळींत उरकलं जायचं, नाही तर साफ नामंजूर व्हायचं. मी गावात जाऊन बघायचो. लोकांच्या तोंडी त्या गाण्याला स्वतःचं नाव आहे का, शेजारच्या गावात ते ओळखतात का, त्याची चाल किंवा त्याचा प्रसंग खरंच निराळा आहे का, हे मी विचारायचो. आणि शेवटी सगळ्यात मोठी कसोटी, जी आमचे संपादक तात्यासाहेब यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावली होती: 'कर्ता अज्ञात असावा.' कर्ता ठाऊक असेल तर ती कविता झाली, कवितेचे कोश दुसरे लोक करतात, असं ते म्हणत.

माझा स्वभाव मुळात संशयी. या नोकरीत तो गुण ठरला. नोंद मागणारा माणूस खोटं बोलतो आहे असं धरूनच मी प्रवासाला निघायचो. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून विचारायचो. आणि माझा एक नियम होता, त्याचा मला फार अभिमान होता: बोलावलेल्या दिवशी कधीही जायचं नाही. लोक तालमी करून ठेवतात. कार्तिकात बोलावलं की मी आषाढात जाऊन उभा राहायचो.

गिऱ्हाइकंही तशीच भेटायची. एका व्यापाऱ्याच्या मुलाला वडिलांच्या नावाचा भजनप्रकार कोशात हवा होता. त्यानं चाळीस लोकांच्या सह्या पाठवल्या, आणि त्या चाळीसही सह्यांतल्या 'र'चा पाय एकाच बाजूला वळलेला होता. सोबत संत्र्यांची करंडी. नागपूरला संत्री पाठवणारा माणूस मी त्या आधी पाहिला नव्हता. तात्यासाहेबांनी संत्री कार्यालयात वाटली आणि नोंद नामंजूर केली. दुसऱ्या एकानं कोरपन्याकडून कापूस वेचणीच्या गाण्याचा 'प्राचीन' प्रकार कळवला. मी गेलो. चाल फार गोड होती, आणि मला ती कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. तीन दिवस चौकशी केल्यावर कळलं की दोन वर्षांपूर्वी तिथे टूरिंग टॉकीजचा तंबू महिनाभर होता. त्या चालीचं प्राचीनत्व तेवढंच होतं.

अशा दहा-बारा चोऱ्या पकडल्या की माणूस शेफारतो. मीही शेफारलो होतो. डोमाजी मास्तरांचं पाकीट आलं ते अशा वेळी.

डोमाजी मास्तर गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका लहान गावात शाळा चालवत. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. वस्ती बहुतेक गोंडांची, थोडी कुणब्यांची. त्यांनी लिहिलं होतं की मोहफुलं वेचताना इथल्या बाया एक निराळ्याच तऱ्हेचं गाणं गातात, त्याला 'मोहसाद' म्हणावं आणि स्वतंत्र नोंद द्यावी. 'आपण चैत्रात, फुलं पडतात तेव्हा यावं' असं आग्रहानं दोनदा लिहिलं होतं. सोबत बारा ओळी उतरवून पाठवल्या होत्या. प्रत्येक ओळीत एका झाडाचं वर्णन. नाल्याकाठचं वाकडं, वीज पडलेलं, दोन खोडांचं, वारुळाशेजारचं. आणि प्रत्येक ओळीचा शेवट एकच: 'मी इथी, बाई, तू कुठी?'

मला पहिला संशय नावाचा आला. 'मोहसाद' हा शब्द जंगलातल्या बाईच्या तोंडचा वाटेना, तो शाळेच्या फळ्यावर जुळवलेला वाटला. दुसरा संशय झाडांचा. गाण्यात झाड येतं, पण इतक्या खाणाखुणांसकट, हद्द दाखवल्यासारखं येत नाही. मी तात्यासाहेबांना म्हटलं, "यात गाणं कमी आणि नकाशा जास्त आहे." ते हसले आणि त्यांनी माझ्या प्रवासखर्चाच्या कागदावर सही केली.

मास्तरांनी चैत्रात बोलावलं होतं, म्हणून मी पौषात गेलो.

चांद्याहून मोटारीनं आणि वैनगंगा नावेनं ओलांडून मी गडचिरोलीला पोचलो आणि पुढे छकडा केला. गाडीवान बोलका होता. मी सरकारी माणूस असणार असं धरून त्यानं आपणहून विचारलं, "साहेब, झाडायची लिखापढी कराले आले का तुमी?"

"कसली लिखापढी?"

"जमीनदाऱ्या गेल्या ना. आता जंगल कोनाचं, मोहाचं झाड कोनाचं, सारं पुसून राह्यले. कागद असन तं दाखवा मनते. आमच्यापाशी कुठचा कागद!"

छकड्यात मी सरळ होऊन बसलो. आता सगळं जुळलं. गावात मोहाची झाडं घराघरांत वाटलेली होती, पण तोंडी. सरकारी पाहणी करणाऱ्यांना कागद हवा होता. मास्तरांनी झाडांची यादी गाण्यात बसवली होती आणि ते गाणं आमच्या कोशात छापून घेऊन तोच कागद दाखवणार होते. आपला कोश कुणीतरी सातबारा म्हणून वापरू बघतो आहे, याचा मला राग आला. आणि चोरी गावात शिरण्याआधीच सापडली याचा आनंदही झाला, हे कबूल करतो.

मास्तर शाळेच्या ओट्यावर भेटले. किडकिडीत, कानाला मफलर, मला पौषात बघून त्यांचा चेहरा पडला. "साहेब, आता फूल नाई. आता काय आयकान तुमी?"

मी सरळच विचारलं, "मास्तर, ही नोंद तुम्हाला गाण्यासाठी हवी की झाडांसाठी?"

त्यांनी माझी नजर चुकवली नाही. "दोन्हीसाठी," ते म्हणाले. "लपवून काऊन सांगू? गानं बी खरं हाय अन् झाडं बी खरी हायेत. झाड गेलं तं गानं ऱ्हाईन का? तुमीच सांगा."

मला हे उत्तर फार तयार वाटलं. वहीत मी लिहिलं, 'प्रस्तावकाचा हितसंबंध उघड.'

दुपारी बारा बाया ओट्यावर आल्या. ध्वनिमुद्रणाचं यंत्र कार्यालयात एकच होतं आणि ते विजेवर चालायचं, त्यामुळे मी कानानं ऐकून स्वर वहीत उतरवत असे. बाया एका रांगेत बसल्या, एकमेकींना ढोसत, हसत. एकीनं ओळ म्हटली, मग दुसरीनं, मग तिसरीनं. चार स्वरांची चाल, ताल नाही, एका श्वासात संपणारी ओळ. चौथीनंतर सगळ्या गप्प बसल्या. एका ओळीइतका वेळ गेला आणि मग सहावी बाई पुढे गाऊ लागली. पाचवी जागीच होती, पण तिला खोकला लागला होता. मी 'विस्मरण' असं लिहिलं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. असल्या हाळीवजा ओळी मी भाताच्या रोवणीत, गुरांमागे, कुठेही ऐकल्या होत्या. वेगळी चूल मागण्याजोगं त्यात मला काहीच दिसलं नाही.

मग मी एकेकीला शाळेच्या खोलीत बोलावलं. पहिली सोनाबाई. पन्नाशीची गोंड बाई, नाकीडोळी ठसठशीत, दंडावर गोंदण. वाकड्या झाडाची ओळ तिची होती. घरी गोंडी बोलायची, मराठी बोलताना लहानथोर सगळ्यांना एकेरीत घ्यायची.

"ही ओळ तू कुणाकडून शिकलीस?"

"शिकन काऊन? माझी हाय."

"म्हणजे तूच केलीस?"

"मंग? झाड माझं, ओळ माझी. सासूनं झाड देल्लं, मी ओळ बांधली."

"आणि त्या झाडाची सासूची ओळ काय होती?"

तिनं तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाली, "ते तिची होती. ते मेली. आता कोन मनन ते? मेलेल्या बाईची ओळ मनत नाई, भाऊ."

अकराजणींनी हेच सांगितलं. माझी ओळ मीच बांधली. सर्वांत धाकटी म्हणाली की तिनं गेल्याच साली बांधली, लग्न होऊन आली तेव्हा. आधीची ओळ एकीलाही सांगता येईना, किंवा सांगायची नव्हती. बाराव्या बाईला विचारायचं मी सोडून दिलं. कर्ता अज्ञात असावा हा आमचा नियम, आणि इथे प्रत्येक ओळीचा कर्ता समोर बसून छातीवर हात ठेवून सांगत होता की मीच तो. जुना पाठ एकही नाही. परतताना शेजारच्या गावी थांबून मी चार पुरुषांना विचारलं, "तुमच्याकडे मोहसाद गातात का?" त्यांनी असं काही ऐकलंच नव्हतं. चारही कसोट्या फसल्या होत्या.

निघताना सोनाबाई नाल्यापर्यंत आली. "लिवशीन ना भाऊ, झाड माझं हाय मनून?" मी म्हटलं, "गाण्याचं लिहायला आलो होतो, झाडाचं नाही." ती म्हणाली, "ते एकच हाय." मला तेही मास्तरांनी पढवलेलं वाटलं.

नागपुरात येऊन मी नकाराचं पत्र लिहिलं. कोशाच्या छापील कागदावर, बाराही ओळी उतरवून, शिक्क्यासह. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, कारण ते लिहून झाल्यावर मी ते तात्यासाहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: 'सदर ओळी हयात स्त्रियांनी अलीकडे स्वतः रचलेल्या असून त्यांस परंपरेचा आधार दिसत नाही.' तात्यासाहेब म्हणाले, "नेमकं लिहिलंत."

त्यानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा त्या बाजूला गेलो, दंडारीच्या नोंदीसाठी. दंडार म्हणजे झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाट्य, त्याला नोंद द्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता, फक्त माहिती पुरी करायची होती. चैत्र होता. मास्तरांच्या गावापासून दहा-बारा कोसांवरच्या दुसऱ्या गावी मुक्काम होता आणि सकाळी उजाडताना मी तोंड धुवायला नाल्यावर गेलो.

तिथे मला हाक ऐकू आली.

लांबून, जंगलातून, एक ओळ. कुठल्याशा झाडाचं वर्णन आणि शेवटी 'मी इथी, बाई, तू कुठी?' जरा वेळानं तिच्या पलीकडून दुसरी. मग डोंगराच्या अंगानं तिसरी, इतकी बारीक की कान द्यावा लागला. बाया दिसत नव्हत्या. जी ती आपापल्या झाडाखाली वाकून फुलं वेचत होती आणि ओळ नाल्यापासून डोंगरापर्यंत जाऊन पुन्हा खाली येत होती. ओट्यावर पाच मिनिटांत संपलेलं ते गाणं इथे अर्धा तास थांबलंच नाही.

आणि मग एक ओळ आली नाही.

एका ओळीइतकी शांतता. पुढची बाई गायली नाही. कुणीतरी वेगळ्याच आवाजात ओरडलं आणि चारी बाजूंनी पाचोळा वाजायला लागला. टोपल्या टाकून बाया एकाच दिशेनं पळत होत्या. मीही पळालो. वारुळापाशी एक पोरसवदा सून झाडाला पाठ लावून उभी होती आणि तिच्यापासून वीस हातांवर अस्वल फुलं खात होतं. तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. बायांनी टोपल्या बडवून, आरडून अस्वल हाकललं. अस्वलाला मोहफूल आपल्यापेक्षा जास्त आवडतं, हे मला तिथे कळलं.

अस्वल गेल्यावर मी एका म्हातारीला विचारलं, "याला काय म्हणता तुम्ही?"

"कायले?"

"या गाण्याला."

"गानं कुठचं? हाक हाय ते. कोन जागेवर हाय ते कळते." मग तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "बाई बदलली का ओळ बदलते. नाई तं मेलेली बाई हाक देऊन राह्यली असं होईन ना."

मी नाल्याकडे परत निघालो. ओट्यावरची ती गप्प जागा मला आठवली, जिला मी विस्मरण म्हटलं होतं. त्या बाया पाचवीची वाट बघत होत्या, भर दुपारी, ती समोर खोकत असताना. रीतच तशी होती. ओळ नवी असणं हाच या प्रकाराचा जुना कायदा होता. शब्द दर पिढीला मरत होते आणि हाक चालू राहत होती. आणि मी एकेका जिवंत बाईला बोलावून, तू मेलेली नाहीस एवढ्या कारणानं, तिला नापास केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. तसं अगोदर कधी वाटलं नव्हतं.

दंडारीचं काम तसंच टाकून मी छकडा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या गावी पोचलो. मोहाखाली बाया होत्या. पण हाक नव्हती. एकाच झाडाखाली पाच-सहा जणी, टोपलीला टोपली लागलेली, आणि भांडण चाललेलं. दोन पोरी फांद्या हलवून कच्ची फुलं पाडत होत्या. सोनाबाई त्यात दिसली नाही.

मास्तर शाळेत होते. त्यांनी मला पाणी दिलं आणि रागावलेपणाचं एक अक्षरही न बोलता सगळं सांगितलं. पाहणीवाले आले होते. मोह वेचायची मोकळीक सगळ्यांना दिली, पण अमुक झाड अमक्या घरचं असं धरलं नाही. तसा जुना पुरावा त्यांना मिळाला नाही.

"त्यांनी कागद मांगतला," मास्तर म्हणाले. "मी तुमचं पत्र देल्लं."

"माझं पत्र? नकाराचं?"

"छापील कागद तेवढाच होता आमच्यापाशी. शिक्का होता. अन् त्यात बारा बी ओळी होत्या, झाडायच्या नावासकट."

"पण मास्तर, त्यात लिहिलं होतं की हे सगळं अलीकडचं..."

"हो. त्या साहेबानं तेच वाचलं. दोनदा वाचलं." मास्तर मफलर चाचपत राहिले. चैत्रातही मफलर. "लपवून काऊन ठेवू? बायांनी सांगतलं तेच तुमी लिवलं. खोटं तं नाई लिवलं."

मी आयुष्यभर खोटं बोलणारे पकडले. हा माणूस इतका खरा होता की स्वतःच्या गावाविरुद्धचा कागद स्वतःच नेऊन देऊन आला होता, आणि मी त्याला पहिल्या पाकिटापासून चोर ठरवला होता. मी त्यांचे पाय धरायला वाकलो. ते दचकून मागे सरले, "असं नोका करू साहेब, पोरं पाहून राह्यली."

त्या गावात हाक बंद पडली ती कुणी बंद केली म्हणून नाही. झाड ठरलेलं नाही, तर कुणी कुठे आहे ते सांगायचं कसं? जिला जिथे जागा मिळेल तिथे ती वाकायची. आता कुणाची ओळ चुकली तर कुणाला कळणार नव्हतं.

नागपूरला परत आल्यावर मी पाहणीवाल्यांना लिहिलं की माझं आधीचं पत्र चुकीच्या समजावर आधारलेलं होतं. सभ्य उत्तर आलं की प्रकरण मिटलं आहे. मग मी तात्यासाहेबांकडे गेलो. निदान नोंद तरी द्यायची, स्वतंत्र, पूर्ण पानाची. आमचं आठवडाभर भांडण चाललं. मी गावांची नावं दिली, नाल्यापासून डोंगरापर्यंत ओळ कशी जाते ते काढून दाखवलं, न आलेल्या ओळीचा अर्थ समजावला. शेवटी त्यांना पटलं. मोठा माणूस, पटलं की पटलं. पण ते म्हणाले, "एक अडचण आहे. कर्ता."

"प्रत्येक ओळीचा कर्ता ठाऊक आहे. नावं माझ्या वहीत आहेत."

"म्हणूनच. नियमाला अपवाद केला तर तो संत्रीवाला उद्या दारात येईल. प्रकार परंपरेचा आहे ना? मग लिहा, कर्ता अज्ञात. नाहीतर मला नोंद घेता येणार नाही."

मी एक रात्र मागून घेतली असती तर बरं झालं असतं. पण मला नोंद इतकी हवी होती, हातून झालेलं काहीतरी भरून निघेल अशी इतकी आशा होती, की मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. 'हाक (मोहवेचणीची). कर्ता अज्ञात.' नमुना म्हणून सोनाबाईची ओळ घातली, कारण ती सर्वांत सुरेख होती.

खंड छापून आला तेव्हा मी एक प्रत पिशवीत घालून गावी गेलो. मास्तरांची तोवर बदली झाली होती. सोनाबाई अंगणात बसून सूप विणत होती. मला ओळखून म्हणाली, "तू तो पुसनारा भाऊ ना? बस."

मी पुस्तक उघडलं आणि नोंद वाचून दाखवली, अडेल तिथे सोप्या शब्दांत. बाया झाडाखाली असतात, हाक नाल्यापासून जाते, ओळ चुकली की धावतात. ती मान हलवत होती, एका ठिकाणी तिनं मला दुरुस्तही केलं. मग मी नमुन्याची ओळ वाचली:

'नाल्याकाठच्या वाकड्याखाली, पाय पान्यात, मी इथी, बाई, तू कुठी?'

तिचे हात थांबले. "हे तं माझी."

"तुझीच."

ती हसली. मी तिला असं मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं. तिनं ओला हात लुगड्याला पुसून अक्षरांवरून बोट फिरवलं. "माझं नाव कुठी हाय यात?"

खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. कुठलंही अक्षर दाखवून मी म्हणू शकलो असतो, हे बघ. पण मास्तरांनी तो कागद नेऊन दिला होता, हे आठवून मला ते जमेना.

"नाव नाही," मी म्हटलं. "इथे लिहिलंय की ही ओळ कुणी केली ते ठाऊक नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नीट समजून घ्यायला बघावं तसं. "तुले ठाऊक हाय ना? मी सांगतलं होतं ना तुले, शाळेत?"

"हो."

"मंग?"

तिनं सूप मांडीवर ओढून घेतलं. "झाड गेलं," ती म्हणाली, "तवा मी मनलं, जाऊ दे, ओळ तं माझी हाय. ते कोन नेते?"

मी खिशातून पेन्सिल काढली आणि त्या पानाच्या समासात तिच्या देखत लिहिलं: सोनाबाई. वाचून दाखवलं. तिला ते आवडलं. पुस्तकाकडे बघत तिनं विचारलं, "असे पुस्तकं अजून हायेत?"

"पुष्कळ आहेत. गावोगावी गेलीत."

"मंग त्यायत बी लिव."

तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपला आणि ती पुन्हा सूप विणायला लागली.

सुधारित आवृत्ती निघावी म्हणून मी निवृत्त होईपर्यंत अर्ज केले. ती निघाली नाही. सोनाबाई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या रीतीप्रमाणे तिची ओळ आता कुणी म्हणू नये हे मला ठाऊक आहे, आणि इथे ती छापून मी ती रीत मोडतो आहे. पण नाव न घेता ती छापलेली राहू देणं मला त्याहून वाईट वाटतं. म्हणून कुठल्याही गावी गेलो की मी आधी तिथलं वाचनालय गाठतो, कोशाचा तो खंड मागतो आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. दोन ठिकाणी ग्रंथपालांनी मला रंगेहाथ पकडलं. एकानं पुस्तकं खराब करणारा म्हातारा म्हणून बाहेर काढलं, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तुमच्या गावच्या वाचनालयात तो खंड असेल आणि त्या नोंदीच्या समासात पेन्सिलीनं एका बाईचं नाव लिहिलेलं दिसलं, तर कृपा करून खोडू नका. दिसलं नाही, तर मी अजून तिथे पोचलेलो नाही. तुम्ही लिहा.